फुटपाथवरची पांढरी रेघ

गॅरेजात काम केलं की हाताला ऑइल चिकटतं आणि डोक्याला किस्से. ऑइल पेट्रोलनं निघतं. बुलढाण्यात एसटी स्टँडच्या रस्त्यावर आमचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. सातवीनंतर शाळा सोडून मी इथं लागलो. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी दुरुस्तीच्या गाड्या काढून फुटपाथवर ओळीनं लावायचं काम माझं. ओळ सरळ आली की गॅरेज चालवणारे उस्ताद खूश. शेजारच्या गल्लीतले वानखडेकाका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. आता त्यांना दिसत नाही, पण रोज काठी टेकत स्टँडवर जुन्या दोस्तांत चहाला जातात. एकदा त्यांनी माझ्या गाड्यांना एकेक करून काठी लावली. म्हणाले, "डेपोत लावतेत तशाच लावल्या बे. फक्त डेपो चुकला!"

दुसऱ्या एका सकाळी त्यांनी वाटेतल्या गाडीची टाकी काठीनं वाजवली आणि मालकाला आधी पंपावर जायला सांगितलं. मालक हसला. चौकापर्यंतही पोचला नाही!

आमच्याकडे एक रीत आहे. दारात उभी असेल ती गाडी कामाचीच समजायची. त्या रीतीनं मी एकदा शेजारच्या बँकेत गेलेल्या माणसाच्या गाडीचं ऑइल बदलून टाकलं. तो म्हणाला, करायचंच होतं. उस्ताद मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग एक दिवस आमच्या गाड्यांमुळे काकांना रस्त्यावर उतरावं लागलं आणि ट्रकच्या वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली. संध्याकाळी त्यांची सून आली. उद्यापासून बाबांचं फिरणं बंद, एवढंच म्हणाली. उस्ताद खाली मान घालून पाना पुसत राहिले.

सकाळी मी काकांची काठी मागून आणली. दुकानांपासून काठीभर जागा मोजून पांढऱ्या पेंटची रेघ मारली. गाड्या रेघेपलीकडे, उरलेल्या मागच्या गल्लीत. सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "आठ दिवस मी बाबांच्या मांगून चालतो. एकदा जरी खाली उतरले, तर घरीच बसायचं."

सात दिवस नीट गेले. आठव्या दिवशी एका साहेबांनी रेघेच्या आत आडवी गाडी लावली, हँडल लॉक केलं आणि बँकेत गेले. "साहेब..." एवढंच मी म्हणालो, तेही मनात. तिकडून काठीचा आवाज येत होता.

मी गाडी ओढत गॅरेजात नेली, स्टँडवर चढवली आणि ऑइल सोडलं.

साहेब परत आले. "माझ्या गाडीला हात कोणी लावला?"

काका नेमके दारासमोर पोचले होते. थांबले.

"आमच्या डेपोत लाइन सोडून उभी असलेली गाडी नादुरुस्त समजतेत, साहेब."

आणि काठी टेकत फुटपाथवरूनच पुढं निघाले. मागून येणारी सून तिथूनच घराकडे वळली.