वस्तादांचा पहिला घोट

डोपिंगचे बदललेले नियम समजावायला एक अधिकारी पाथर्डीला आमच्या तालमीत आले होते. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी पैलवानाचीच, 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका नाही, असं त्यांनी बजावलं. आमचे वस्ताद सगळ्यांत पुढं बसून मान डोलवत होते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. सर्दीची गोळीसुद्धा पाकीट उलटसुलट करून वाचल्याशिवाय घेत नव्हतो. थंडाईवर मात्र कधी शंका आली नाही. आमच्या तालमीची रीतच होती: वस्ताद स्वतः नुसत्या दूध-बदामाची थंडाई घोटणार, पहिला घोट स्वतः घेणार आणि मगच लोटा आमच्या हातात देणार.

जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आली, तेव्हा त्यांनी लोटा थेट माझ्यापुढं धरला.

"पहिला घोट?" मी विचारलं.

"आज उपास हाय माझा. पी तू गुमान."

लोटा तोंडापर्यंत नेला आणि थांबलो. इतकी वर्षं ह्या माणसाचं डोळे झाकून ऐकलं, त्याचाच मला संताप आला.

"वस्ताद, दूध-बदाम उपासाला चालतंय की," मी म्हणालो. "मग ह्यात आनखी काय घातलंय?"