घोडी न दिलेल्या वर्षी

“विसरले नाही मी, घाई नाही इतकंच,” असं रोसाल्बिना ऊठसूट म्हणायची. बटाटे सोलताना म्हणायची, गिऱ्हाइकापुढे बिअर ठेवताना म्हणायची. लोक हसायचे.

बोयाकाच्या डोंगरात, ओढ्यावरच्या पुलाशेजारी तिचं तेहो खेळायचं मैदान होतं. लांबून लोखंडी चकती फेकायची आणि चिखलावर ठेवलेली बारुदाची पुडी फोडायची, असा तो खेळ. तिची पांढरी घोडी त्याच धडाक्यांत वाढली. कानाशी तोफ उडाली तरी ती शेपूट हलवत नसे.

सात ऑगस्टला गाव त्या पुलावर स्पेनविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई वठवायचं. आपला सेनापती दरवर्षी डोन एव्हेलियो, कारण वरची सगळी जमीन त्याची. हरणारा स्पॅनिश सेनापती रोसाल्बिनाचा नवरा, बेलार्मिनो. ओढ्याच्या पाण्यावरून दोघांचं वाकडं होतं. एका सणाला खोट्या लढाईत एव्हेलियोनं खरी काठी हाणली, नेमकी गुडघ्यावर. वर गावभर सांगत सुटला, “पिऊन पडला बेलार्मिनो.” बिचारा लंगडत जगला आणि तो डाग घेऊनच मेला.

तरी दर सणाला रोसाल्बिना एव्हेलियोला घोडी देत राहिली. शेजारीण चिडली तेव्हा म्हणाली, “देऊ दे गं. स्वतःच्या घोड्याला बारुदाची सवय लावायची त्याला गरजच पडू नये.”

यंदा सकाळी एव्हेलियोचा गडी घोडी न्यायला आला, तर नवऱ्याचा लाल कोट घालून बाई आधीच खोगिरावर.

“मालकांना सांग, घोडी यंदा स्पेनकडून लढणार.”

एव्हेलियो आपल्या उमद्या तांबड्या घोड्यावर मिरवत आला. पहिला बार उडाला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, आणि सेनापती थेट ओढ्यात. सारा डोंगर हसला.

रोसाल्बिना सावकाश पाण्याच्या कडेला आली.

“शरण यायचंय मला, डोन एव्हेलियो. पण येऊ कुणाला? उठा तरी!”

“हात दे, बाई. लोक हसतायत.”

“आधी सांगा, बेलार्मिनोचा गुडघा कुणी मोडला? तोवर देश काही स्वतंत्र होत नाही.”

त्यानं पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिलं. तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं. वाजंत्र्यांना ऐकू नाही आलं.”

“मी! मी मोडला. प्यायला नव्हता तो.”

हसू जागच्या जागी विझलं.

रिवाजाप्रमाणे आता हरणाऱ्यानं, म्हणजे तिनं, तलवार द्यायची, मग राष्ट्रगीत. तिनं तलवार म्यानात सारली, खाली उतरली, लगाम हातात घेतला आणि बटाट्याच्या वावरातून चढण चढू लागली. स्पेन त्या वर्षी हरलंच नाही. वाजंत्री शिंगं ओठांशी धरून तिच्या लाल पाठीकडे बघत राहिले, आणि गार पाण्यात बसलेला एव्हेलियोही, तिच्याकडे पुढे केलेला हात अजून तसाच ठेवून.