पहूरच्या गादीसाठी रावेरपर्यंत

डिसेंबरच्या सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. यंदा झाला नाही. अब्बा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "मला पहूरला घेऊन चल. एका बाईची माफी मागायची आहे."

अब्बा एकाहत्तर वर्षांचे आहेत. आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायच्या, हा आमच्या घराण्याचा धंदा. अब्बांचं तरुणपण त्यातच, जळगावात गेलं. पुढे कारखान्यात नोकरी लागली आणि ते नाशिकला आले. माफीचं काय ते त्यांनी घरी सांगितलं नाही. "गाडीत सांगतो," म्हणाले.

सकाळी साडेसहाला निघालो. चांदवड, मालेगाव करत धुळ्यापर्यंत रस्ता झकास आहे, तीन-साडेतीन तास पुरतात. धुळ्याला हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी घेतली. जपून बरं का! पहिल्या घासाला छान लागते, तिसऱ्याला कानातून धूर निघतो. कमी तिखट हवी असेल तर आधीच सांगा. ढाब्याच्या मालकांनी अब्बांना कुठे निघालात असं त्यांच्या बोलीत विचारलं, "बठ्ठं ताजं शे, आबा. कथा चालनात?"

"पहूरले," अब्बा म्हणाले. "जुनं काम शे."

मी घास हातात धरून बघतच राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मी अब्बांच्या तोंडून खानदेशी ऐकली नव्हती. नाशकात ते हिंदी-मराठीची खिचडी बोलतात. इथे दोन वाक्यांत त्यांची पाठ ताठ झाली.

पुढे पारोळ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. बाविसाव्या वर्षी ते पहिल्यांदा एकटे कामाला गेले, कारण आजोबा आजारी होते. पहूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, तिच्या आंदणाची गादी भरायची होती. नवा कापूस अंगणात पसरून अब्बा गावातल्या कुस्त्या बघायला गेले. तेवढ्यात म्हशीने पाण्याचं टिपाड उलटवलं आणि निम्मा कापूस चिखलात गेला. लग्न दोन दिवसांवर. अब्बांनी त्याच घराच्या पडवीत पडलेली एक जुनी गादी गुपचूप उसवली, त्यातला कापूस पिंजून मधे भरला, वरून-खालून नवा लावला आणि टाके घातले.

"घरी आल्यावर तुझ्या आजोबांनी एवढंच विचारलं, कापूस पुरला का? मी म्हटलं, पुरला. गादीत काय भरलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणूनच ते नीट भरायचं, असं सांगणारा माणूस तो. ते त्याच हिवाळ्यात गेले. सांगायचं राहिलं ते राहिलंच."

हेच अब्बा. एकदा भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले पैसे परत करायला त्यांनी मला भर उन्हात पाठवलं होतं. मला वाटायचं, हे असेच जन्माला आले असणार.

मुक्काम जळगावात केला. स्टेशनजवळ दीड हजारात स्वच्छ खोली मिळते, पण लग्नसराई असेल तर आधी फोन करून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहूर, गाडीने साधारण तासाभराचं अंतर. जुन्या घराच्या जागी सिमेंटचं घर उभं होतं. नवरीच्या भावाचा मुलगा, प्रकाशभाऊ, ओट्यावर बसले होते. अब्बांनी त्या नवरीचं, कमल हे नाव सांगताच म्हणाले, "कमलआत्या? ती त् रावेरले राह्यते. फोन लावू का?"

"फोन नको," अब्बा घाईने म्हणाले. "समोर बसून बोलायचंय."

प्रकाशभाऊंनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मग जामनेर, भुसावळ करत रावेर. भुसावळ सोडलं की उजव्या हाताला लांबवर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, तापीचा पूल लागतो आणि पुढे दोन्ही बाजूंना केळीच केळी. घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरांमागून हळूहळू जावं लागतं, तेव्हा एक तास जास्तीचा धरा. अब्बा मात्र सावद्यानंतर खिडकीची काच वर-खाली करायला लागले. एकदा म्हणाले, "ती ओळखणार नाही. परत जाऊ या."

"आता ट्रॅक्टर पुढे जाऊ देत नाहीत नि मागेही," मी म्हटलं.

रावेरच्या घराच्या अंगणातच कमलअक्का भेटल्या, सदुसष्टच्या आसपासच्या. ठसठशीत कुंकू, हातात शेंगा पाखडायचं सूप. अब्बांनी नाव सांगितलं, उभ्याउभ्याच सगळी हकिकत सांगितली आणि हात जोडले. अक्का ऐकत होत्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मले म्हाईत व्हतं."

अब्बांचा चेहरा पांढरा पडला.

"तिसऱ्या वर्षी गादी खोलली. आतून पिवळा कापूस निघाला. सासू म्हणाली, तुह्या बापानं जुनं भरून दिलं. लई बोलली. माह्या बापाले मी कधी सांगतलं नाही, त्यानं जीव दिला असता. त्ये दिवस वाईट गेले, खोटं कशाले बोलू?"

अब्बांची मान खाली गेली. मग अक्काच म्हणाल्या, "पण त्या कापसात निळ्या लुगड्याचे धागे व्हते. माह्या आजीची गादी व्हती ती. मी लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची. सासूच्या नजरंआड त्यातला पसाभर कापूस मी काढून ठिवला, त्याची उशी केली. माहे तिन्ही लेकरं त्या उशीवर वाढले." आणि एकदम हसायला लागल्या. "चोरी तुमची, नि आजी मले सापडली! तरी चूक ती चूकच, भाऊ."

"चूकच," अब्बा म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "सांगा, काय करू?"

"नातीचं लगन हाये पुढच्या महिन्यात. भरा गादी."

मग काय विचारता! रात्री अक्कांनी आम्हाला हलूच दिलं नाही. भाजलेल्या वांग्याचं हिरव्या मिरचीचं भरीत आणि कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाची. ही हिवाळ्यातच खावी, आणि कुणाच्या तरी घरीच. सकाळी कापूस मशीनवर पिंजून आणला, कारण हाताने पिंजणं अब्बांनी केव्हाच सोडलं होतं. पण भरणं आणि शिवणं त्यांनी हातानेच केलं. अंगणात सतरंजीवर बसून ते कापूस थापायचे, मी दाभणात दोरा ओवून द्यायचे. शेजारपाजारच्या बाया जमल्या. लग्न ठरलेली नात लाजून आत पळाली, मग हळूच येऊन काठाशी बसली. एका आजोबांनी विचारलं, "दुकानातली काहून नाही घेतली?" अक्का ठसक्यात म्हणाल्या, "दुकानदार पन्नास वर्षांनी माफी मागाले येतो का?"

अंगण हसण्याने भरून गेलं. सगळ्यांत मोठ्याने हसले ते अब्बा.

शेवटची शिवण घालायच्या आधी ते थांबले. अक्कांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "हात घाला. तळापर्यंत बघा." अक्कांनी कोपरापर्यंत हात घातला, चाचपला, मूठभर कापूस काढून नातीच्या गालाला लावला. "शिवा," म्हणाल्या.

परतताना अब्बांनी मालेगावपर्यंत खिडकीची काच खाली ठेवली आणि थंडीत कुडकुडत गात राहिले. हे सगळं ब्लॉगवर लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "लिही. माझं नाव नको, पण चूक पूर्ण लिही."

या प्रवासातून केळीच्या वेफर्सची पिशवी आली, ती दोन दिवसांत संपली. आजोबांना मी पाहिलेलं नाही. पण ते अब्बांमधून माझ्यात कसे उतरले असतील, हे आता थोडं कळतं. अब्बा चुकले नव्हते म्हणून नव्हे, चुकल्यानंतर पन्नास वर्षं त्यांना स्वस्थ बसता आलं नाही म्हणून.

सुट्टी संपून मी शिकवते ती शाळा उघडली. सहामाहीच्या एका पेपरात माझी बेरीज चुकली होती, आठवीतल्या एका मुलीला तीन गुण कमी पडले होते. निकाल लागल्यावर माझ्या लक्षात आलं होतं. ती पास होती, तिने विचारलंही नव्हतं, म्हणून मी पेपर कपाटात ठेवून दिला होता. पहिल्याच दिवशी तिला बोलावलं, पेपर उघडून दाखवला आणि माझी चूक झाली असं सांगितलं.

ती गोंधळली. "मॅडम, आता बदलून काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हटलं आणि लाल पेनाने बेरीज दुरुस्त केली.