बुधाजींचं विमान आणि परतीचा बर्फ

खांदा कॉलनीत बुधाजींना कुणी वेळ विचारली, तर ते आधी खाडीच्या दिशेला बघतात, मग घड्याळाकडे. चाळीस वर्षं उरणच्या पाण्यात होडी हाकली. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून दुसऱ्या मजल्यावर मुक्काम. पण रुबाब अजून तांडेलाचाच.

अशा माणसाला लेकीने, कोमलने, दुबईची तिकिटं धाडली. तिला सातवा महिना. डोहाळा एकच, आईच्या हातचं भरलेलं पापलेट. तिकडे पापलेट मिळतं हो, आई नाही मिळत!

तिकिटावर छापलं होतं : जाताना दहाला निघून पावणेबाराला पोच. येताना एकला निघून साडेपाचला.

"दोन हजार किलोमीटर, पावणेदोन तासांत!" बुधाजींनी जिन्यातच जाहीर केलं. "पळस्प्याला ट्रॅफिक लागला तर पेणला जायालाबी एवढे लागतात!"

तळमजल्यावरच्या विनिताताई कसल्या गप्प बसतात! "मग येताना साडेचार कसे, काका? विमान वाटेत चहाला थांबतं?"

"ताई, जाताना ओहोटी, येताना पाणी उलटं. वर वाऱ्याचंबी तसंच हाय."

इतक्या ठसक्यात सांगितलं, की विनिताताईंनी ते दुसऱ्या दिवशी ऑफिसातही ऐकवलं म्हणे.

बुधाजींच्या बायकोने, गुणाबाईंनी, पापलेटं मसाला भरून दगडासारखी गोठवली. "विमानतळावरचे तीन तास धर. पाच तासांचा बर्फ पुरे," असा हुकूम सोडून बुधाजी दाढीला बसले. थर्माकोलची पेटी बाईंनी एकटीने भरली.

विमानात पावणेबारा वाजले. खाली नुसता समुद्र. बारा. साडेबारा. बुधाजींचा चेहरा पडला. त्यांनी हवाईसुंदरीला हळूच विचारलं, "बाय, दुबई मागं तर नाय ऱ्हायली?"

ती हसली. "अजून पाऊण तास, काका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं ना!"

बुधाजींच्या डोळ्यांपुढे पेटीतलं पाणी नाचायला लागलं. "गुणा, पापलेटं गेली गो! पोरीचा घास मीच घालवला."

गुणाबाईंनी खिडकीवरचं नाकसुद्धा काढलं नाही. "अवो तांडेल, बर्फ आठ तासांचा हाय."

"कोणी सांगितला व्हता?"

"तुमीच. जलम गेला ऐकून, होडीत बर्फ जायाच्या वाटेचा नाय, परतीच्या वाटेचा भरायचा. तिकिटावर येताना साडेचार तास, वर विमानतळाचे तीन. त्या हिशोबानं भरला."

बुधाजींनी खिशातलं तिकीट काढून परतीची वेळ पुन्हा वाचली.

त्या संध्याकाळी कोमलने दोन पापलेटं काट्यापर्यंत साफ केली आणि तिसऱ्याकडे बघत बोटं चाटली. बुधाजींनी लगेच विनिताताईंना व्हिडिओ कॉल लावला.

"बर्फाचा अंदाज कोणाचा व्हता, विचारा!"

"कोणाचा, काका?"

"आमचा," बुधाजी म्हणाले. मागून गुणाबाईंना जोराचा ठसका लागला.