अर्ध्या बोटाचे पाप

विधवा मेन्स्येने चित्रकार सिब्रांडचे स्वागत हेरिंग माशांच्या मुंडक्यांची बादली त्याच्या डोक्यावर रिकामी करून केले. त्या वेळी तिने हासडलेल्या शिव्या ऐकून बंदरातल्या चार होड्यांनी आपणहून नांगर उचलले आणि भरती अर्ध्यातूनच परत गेली, असे गावात सांगतात. सिब्रांड मिशीतले खवले वेचत म्हणाला, "मावशी, अश्शाच उभ्या राहा!"

"तुझी मावशी आम्सटरडॅमला शोध, मेल्या!"

तरी पौंडभर कॉफीवर ती पघळली. चित्रासाठी खिडकीशी, मांडीवर थोरले बायबल घेऊन, एकटी वाचत बसायचे ठरले. तिने स्तोत्रांचे पान उघडले, दोन ओळी वाचल्या आणि मान खाली घालून शांत झोपली. वाऱ्याने पाने उलटली. सिब्रांडने तेही काढले, कारण जे दिसते त्यात केसाचाही फरक करायचा नाही, हा त्याचा धर्म होता.

चित्र खानावळीत टांगले. गाव "वा, काय भक्ती!" म्हणत असतानाच चर्चचा पंच हार्मेन पुढे झाला. धंद्याने होड्या बांधणारा, नजरेने फळीची जाडी सांगणारा. मेन्स्येशी त्याचे वीस वर्षांचे वैर. त्याने पानांच्या दोन्ही थप्प्यांवर बोट धरले.

"स्तोत्रं बायबलाच्या बरोबर मध्यावर येतात, इथं डावीकडं अर्धं बोट जास्त. ही स्तोत्रं नव्हेत, बाई. हे गीतरत्न, बायबलातलं प्रेमगीत! एकट्या विधवेनं, दार लावून, स्तन नि चुंबनं वाचायची?"

ईस्टरच्या प्रभुभोजनाला तीन आठवडे होते. पंचांनी त्याच्या यादीतून नाव खोडले, तर सगळ्या गावादेखत मेन्स्येला मागच्या बाकावर बसून राहावे लागणार होते. चाळीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

ती सिब्रांडकडे धावली. "अर्धं बोट पानं उजवीकडं ढकल रे. तुला काय, दोन फटकारे!"

"मावशी, मी खोटं काढत नाही."

"मग माझ्या नाकावरचा मस कुठं गेला?"

"तो सावलीत आहे."

"तुझी अक्कलही तिथंच आहे!"

पंचांसमोर तिने खरे ते सांगून टाकले. "मी वाचतच नव्हते. झोपले होते. पानं वाऱ्यानं उलटली."

"पवित्र ग्रंथावर झोप?" हार्मेन खूश झाला. "लिहा, हेही लिहा."

तेव्हा मेन्स्ये उठली. "हार्मेनभाऊ, माझ्या चष्म्याला त्या चित्रात एक अक्षर दिसत नाही आणि तुम्हाला रंगातल्या थप्पीवरून गीतरत्न ओळखता येतं! आमचं बायबल स्तोत्रांवर उघडतं. तुमचं आपोआप कुठं उघडतं, ते आणून दाखवा की इथं!"

दोन पंच खोकले. एकाने खिडकीबाहेर पाहिले. हार्मेनचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले. त्याने बायबल काही आणले नाही.

पवित्र ग्रंथावर झोपल्याबद्दल नाव मात्र खोडले गेले. ईस्टरला मेन्स्ये मागच्या बाकावर बसली. पुढच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. चित्र कोणी विकत घेतले नाही.