वच्छलाबाई कोण?

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. पण करुणा मॅडम गप्प बसल्या नाहीत, मग आपण कशाला बसायचं!

मॅडम आमच्या कॉलेजात सायकॉलॉजीच्या प्रोफेसर. आईबापामागं नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा, हा त्यांचा विषय. चार वर्षं स्कूटीवर शेंद्रा, पाचोड, दौलताबाद पालथं घातलं. गेल्या गेल्या फॉर्म काढायचा नाही, आधी आजीसोबत शेंगा निवडत बसायचं. किल्ल्याखाली सीताफळं विकणाऱ्या गीताबाईंनी तर सहाव्या खेपेला तोंड उघडलं. पोरगा पुण्याला कामाला गेला तो आलाच नाय. नातू संघपालला त्या बापाचा शर्ट पांघरवून झोपवतात.

आणि हे सगळं विभागप्रमुख अतुल सरांनी उचललं! "जरा नजर टाकतो" म्हणून फाईल नेली अन् स्वतःच्या नावानं छापून आणलं. जाब विचारला तर म्हणे, "अहो, विभागाचं काम ते. तुमचं-माझं काय त्यात?"

मॅडम घरी जाऊन लई रडल्या. मग डोळे पुसले. ठरवलं, ह्या माणसाला चारचौघांतच उघडा पाडायचा. असल्या अभ्यासात खरी नावं देत नाहीत. मॅडमनी गीताबाईंचं नाव वच्छलाबाई केलेलं. सरांना खरं नाव ठाऊक असायला ते गावात गेले असते तर ना!

सर हाच अभ्यास परिषदेत मांडणार होते. मॅडमनी गीताबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव फुटलं तर फुटू द्या, बाई. मी येते."

परिषदेत त्या पहिल्या रांगेत बसल्या. सर माईकवर रंगात आले, "दौलताबादच्या वच्छलाबाईंच्या ओट्यावर मी स्वतः चहा प्यायलोय. नातवाला त्या बापाचा शर्ट पांघरवतात..."

गीताबाई उठल्या. "ओ सायेब, वच्छलाबाई कोण? शर्ट माझ्या पोराचा हाय. तुमाला तर म्या आजच बघायले!"

"आजी, तुम्ही बसा..."

"बसते की. पण चहा कुठं पेलात तेवढं सांगा. आमच्या घराला वटाच नाय!"

हॉलमधे हशा पिकला.

संध्याकाळी सर हात जोडून मॅडमच्या केबिनमधे. "मॅडम, घरातलं घरात मिटवू."

मॅडमनी तक्रारीची प्रत पुढं सरकवली. "ही तरी स्वतः वाचा, सर."

माफ-बिफ काही केलं नाय. लई बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगायचं?

आता चौकशी लागलीय अन् सरांची माणसं सांगत फिरतायत, म्हातारी पढवून आणलेली. ज्याला तसं वाटतं त्यानं जा ना दौलताबादला! सीताफळं संपायच्या आत जा, गीताबाईंना भेटा, त्यांच्याच तोंडून ऐका.