मराठी लिवा, साहेब

खेमराजचा बाप फकिरा म्हणजे ओल्या पंच्यानिशी जनगणनेच्या मागे सायकल हाणलेला माणूस. जनगणनेच्या मागे कोणी धावतं का, असं तुम्ही विचाराल. मध्य प्रदेशात, बालाघाटकडे धावतात. घरोघर येणारा कर्मचारी नाव विचारतो, वय विचारतो, गाई-म्हशीसुद्धा विचारतो एखादा हौशी. आणि भाषेच्या खान्यात मात्र न विचारताच हिंदी लिहून मोकळा होतो. फकिरा आंघोळीला बसला होता तेव्हा बायकोनं ही बातमी दिली. अंगावरचा साबण तसाच, त्यानं सायकलवर टांग टाकली आणि पुढच्या गावच्या पानठेल्यावर त्या माणसाला गाठलं.

"साहेब, आमचे आजे-पंजे भंडाऱ्याकडून आले. मराठी लिवा."

"क्या फर्क पड़ता है, दादा?"

"तुमाले नाई पडत. मले पडते."

आणि हिंदी खोडून मराठी लिहीपर्यंत फकिरानं साहेबाच्या सायकलचं हँडल सोडलं नाही. पानठेल्यावरचे लोक हसत होते, अंगावरचा साबण वाळत होता, पण गडी हलला नाही.

ही गोष्ट त्या घरात लग्नात सांगितली जायची, तेरवीतही सांगितली जायची. फकिरा गेला आणि ती गोष्ट खेमराजच्या वाट्याला आली. खेमराज भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. अंगाखांद्यावर ती काळी धूळ, पण नात्यातली लग्नपत्रिका छापायची वेळ आली की हा माणूस गोंदियाला जायचा. बालाघाटात छापखाने काय कमी आहेत? पण मराठी पत्रिका शुद्ध छापून पाहिजे. नातलग म्हणायचे, "खेमराजभाऊ, वाचणार कोण?" तो म्हणायचा, "वाचो नाई त नको वाचो. छापलेली असली पायजे."

कारण वाचणारं खरोखरच कोणी उरलं नव्हतं. गावची शाळा हिंदी, मोठी शाळा हिंदी. त्याची पोरगी श्रुतिका घरात "बाबा, भाकर वाढू का" म्हणायची आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. मराठी तिनं वाचली ती भिंतीवरच्या कॅलेंडरात आणि बापाच्या त्या पत्रिकांत, तेवढीच.

पोरगी हुशार. जीवशास्त्राचं हिंदी पुस्तक तिला असं पाठ की आई अनुसया चुलीपाशी बसून मधूनच एखादं पान उघडून म्हणायची, "सांग, अथी काय लिवलं?" अनुसयाला वाचता येत नव्हतं, पण पोरगी न अडखळता बोलत गेली की ती मान डोलवायची. बारावीत श्रुतिका शाळेत पहिली आली. खेमराजनं पेढे वाटले नाहीत, खाणीतल्या पाळीवरच्या साऱ्यांना पोटभर समोसे चारले. पेढा तोंडात विरून जाते, म्हणे, समोसा ध्यानात राह्यते.

तिला सागरला जायचं होतं, तिथल्या केंद्रीय विद्यापीठात. खेमराजच्या भावाची पोर रीना आधीच तिथं शिकून आली होती. रीनाला मार्क श्रुतिकापेक्षा कमीच. पण तिच्या वेळी बारावीचे टक्के पाहून नाव लागायचं. गुणपत्रिका नेली, यादी लागली, पेटी उचलून गेली. श्रुतिकाच्या वेळेपर्यंत साऱ्या देशाची एक परीक्षा झाली होती, संगणकावरची. बारावीचं पहिलेपण दाराशी चप्पल काढून ठेवावी तसं बाहेर ठेवायचं आणि आत रिकाम्या हातानं जायचं.

"माया टाइमले असं नव्हतं," रीना म्हणाली.

"तुया टाइमले तू पण पहिली नव्हती," अनुसया फटकन बोलली, आणि दोन्ही घरांत अबोला पडला.

परीक्षेचा अर्ज त्यांनी बारावीच्या निकालाआधीच, थंडी सरता सरता भरला होता. बालाघाटात रवीचं ऑनलाइनचं दुकान आहे, तिथं. रवी विचारत गेला, श्रुतिका सांगत गेली, खेमराज पाठीमागे उभा. मग रवीनं विचारलं, "पेपर की भाषा?"

श्रुतिकानं तोंड उघडायच्या आत खेमराज बोलला, "मराठी लिव."

"अंकल, ये पेपर की भाषा है. घर की नहीं पूछ रहा."

"येते ना मराठी त्याच्यात?"

"आती तो है. तेरह भाषा में आता है."

"मंग? सरकार सोताहून विचारून राह्यलं, आन् आपण नाई म्हणायचं? माया बाप साबण लावून धावला होता पोरा, एका शब्दासाठी!"

"बाबा," श्रुतिका हळूच म्हणाली, "पुस्तकं हिंदीत वाचली ना मी."

"पुस्तक कोणत्याही भाषेचं असो. तू कोणाची आहे? घरी मायासंग काय बोलतं?"

रवीनं श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिकानं बापाकडे. खाणीत राबून राबून कळकटलेल्या त्या तोंडावर असा काही उजेड पडला होता की तिला पुढं बोलवलं नाही. तिनं मान हलवली. रवीनं बटण दाबलं.

पुढं अर्जातल्या चुका सुधारायला थोडे दिवस मिळाले. ते श्रुतिकाला ठाऊक होतं. पण तोवर खेमराजनं साऱ्या पाळीला सांगून टाकलं होतं, "मायी पोरगी मराठीत पेपर देऊन राह्यली, सागरसाठी!" एका म्हाताऱ्या ड्रिलवाल्यानं तर तिला रवीकडे जाताना रस्त्यात थांबवून, "शाबास वं बाई, फकिराची नात शोभली," म्हटलं होतं. ती तशीच घरी आली. सुधारायचे दिवस निघून गेले. तिनं मनाची समजूत काढली की आपलीच तर भाषा आहे, रोज बोलतो ती.

सेंटर जबलपूरला आलं. बापलेक आदल्या दिवशीच गेले, धर्मशाळेत उतरले. सकाळी गेटापाशी खेमराजनं अनुसयानं दिलेलं दही तिच्या हातावर ठेवलं, दोन थेंब तिच्या ओढणीवर पडले. "जा. फकिराचं नाव घे."

आत पडद्यावर मराठी उमटली आणि श्रुतिकानं पहिलाच प्रश्न तीनदा वाचला. ही घरची मराठी नव्हतीच. घरच्या मराठीत भाकर होती, नांगर होता, रुसणं-फुगणं होतं, विज्ञान नव्हतं. तिनं हिंदीत पाठ केलेली कोशिका इथं पेशी होऊन बसली होती. विलयन कुठं गेलं म्हणून शोधत राहिली, तर ते द्रावण झालेलं. आवेशाचा प्रभार झाला होता. उत्तर तिला येत होतं, प्रश्न येत नव्हता. बाजूला इंग्रजीही होतं. पण ते अजून पलीकडच्या तीरावरचं गाव. एकेका शब्दापाशी ती थांबत होती, अंदाज बांधत होती, आणि वेळ कोणासाठी थांबत नव्हता.

बाहेर खेमराज लिंबाखाली बसून शेजारच्या एका बापाला साबणाची गोष्ट सांगत होता. पोरगी गेटातून आली.

"कसा गेला वं?"

"बाबा, कोशिकेले मराठीत काय म्हणते?"

खेमराज हसला. "कोशिका म्हणजे... कोशिकाच म्हणत असंन."

"पेशी म्हणते."

"पेशी? पेशी त कोर्टात असते बाप्पा, तारखेवाली!"

शेजारचा बाप हसला. श्रुतिका हसली नाही. परतीच्या गाडीत नैनपूर गेलं तरी ती खिडकीकडे तोंड करून होती. खेमराजनं एकदा शेंगदाण्याची पुडी पुढं केली. तिनं ती घेतली आणि न उघडता मांडीवर ठेवली.

निकाल लागला. सागरच्या एकाही यादीत नाव नव्हतं. रीनानं अबोला सोडून विचारायला येण्याचं पुण्य तेवढ्यात पदरात पाडून घेतलं. "हिंदी लिवली असती त झालं असतं ना वं?" अनुसयानं तिला चहा दिला, साखर न टाकता.

खेमराज अनुसयाला म्हणाला, "पुढल्या साली पुन्हा देऊ."

"तूच दे," अनुसया म्हणाली.

श्रुतिकानं बालाघाटच्या कॉलेजात नाव घातलं. भांडली नाही, रडली नाही. एवढंच झालं की घरात ती हिंदी बोलू लागली. आधी आईशी, मग बापाशीही. खेमराज म्हणायचा, "जेवून घे वं बाई." आतून यायचं, "खा लूंगी, पापा." बाबाचा पापा कधी झाला ते त्याला कळलंच नाही. अनुसयानं एकदा पोरीला टोकलं, तर म्हणाली, "प्रैक्टिस कर रही हूँ, मम्मी. अगले साल फिर पेपर है."

त्या पावसाळ्यात शाळेकडून सर्व्हेची मॅडम गावात आली, स्कूटीवर. ओसरीवर बसली, घरात माणसं किती, शिकलेली कोण, सारं विचारलं. मग म्हणाली, "घर में भाषा कौन सी बोलते हैं?"

खेमराजनं सवयीनं तोंड उघडलं.

"हिंदी," दारातून श्रुतिका म्हणाली. "हिंदी लिख लीजिए, मैडम."

मॅडमनं लिहिलं. पाणी प्यायली, स्कूटीला लाथ मारली आणि निघाली. खेमराज तसाच खांबाला टेकून राहिला. फकिराची सायकल पडवीत उभी होती. अजून चालायची ती, वाण्याकडे जायला.

अनुसया बाहेर आली. "जा ना मांगं. आत्ता नाल्यापावेतोच गेली असंन."

खेमराजनं घराकडे पाहिलं. आत पोरगी मोठ्यानं पाठ करत होती, "कोशिका जीवन की मूल इकाई है."

"राहू दे," तो म्हणाला. "खरं तेच लिवलं तिनं."